टॉर्क कन्व्हर्टरमधील भुगा : एका बंद पात्राची परीक्षा

यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे तो काढून त्या जागी नवा बसवावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे, अशी दुरुस्तीविषयी सर्वसाधारण समजूत असते. सायकलचे पेडल किंवा विहिरीवरील रहाटाचे चाक यांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु ज्या यंत्रात एकच तेल सर्व भागांतून अखंड फिरत असते, तेथे मोडणारा भाग एकटा मोडत नाही. त्याचा कीस आणि भुगा तेलाबरोबर यंत्रभर हिंडतो व कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन बसतो. अशा यंत्रात मोडलेला भाग बदलणे हे दुरुस्तीचे अर्धेच काम होय. भुगा कोठवर पोहोचला हे शोधून काढणे, हे उरलेले अर्धे काम.

मोटारगाडीची स्वयंचलित गिअरपेटी हे अशा यंत्राचे उत्तम उदाहरण आहे. तिचा एक भाग असा आहे की, त्यात भुगा सहज शिरतो, पण सहज बाहेर पडत नाही. आणि तो भाग चोहोंकडून वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे आत डोकावूनही पाहता येत नाही. या भागाचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. गिअरपेटी निकामी झाल्यावर पुष्कळ खर्च करून ती नवी करावी, जुना कन्व्हर्टर मात्र न तपासता तसाच परत चढवावा, आणि थोड्याच दिवसांत नव्या पेटीनेही मान टाकावी, असे प्रकार घडतात. ते का घडतात आणि कसे टाळता येतात, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. कन्व्हर्टर म्हणजे काय?

विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि त्यांपैकी एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्या पंख्याची पातीही फिरू लागतात. दोहोंमध्ये दांडा नाही, साखळी नाही. शक्ती वाहून नेण्याचे काम केवळ हवा करीत असते. हवेच्या जागी तेल घ्यावे आणि दोन्ही पंखे एका बंद पात्रात अगदी जवळ आणावेत, म्हणजे कन्व्हर्टरची मूळ कल्पना ध्यानात येईल.

या पात्राचा आकार दोन खोलगट थाळ्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा असतो. त्याचे कवच एंजिनला जोडलेले असून त्याच्याबरोबर फिरते. कवचाच्या आतल्या अंगाला जी पाती बसविलेली असतात, त्यांना पंपचक्र म्हणतात. त्यांच्या समोर टर्बाइन असते, आणि त्याचा दांडा गिअरपेटीत शिरतो. या दोन चक्रांच्या मध्ये स्टेटर नावाचे तिसरे लहान चक्र असते. टर्बाइनमधून परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून ते पंपचक्राला साहाय्यक होईल असे वळविणे, हे त्याचे काम. गाडी जागची हलताना याच योजनेमुळे एंजिनचा पीळ, म्हणजेच टॉर्क, साधारणपणे दुप्पट होऊन मिळतो. स्टेटर एकाच दिशेने फिरू शकतो. विरुद्ध दिशेने तो अडकतो. अलीकडच्या कन्व्हर्टरमध्ये याखेरीज एक क्लच असतो. गाडी वेगात आली म्हणजे तो टर्बाइनला कवचाशी घट्ट जखडतो, आणि तेलातून जाताना होणारा शक्तीचा अपव्यय थांबतो. या क्लचच्या तबकडीवर घर्षणासाठी कागदासारख्या द्रव्याचे अस्तर चिकटविलेले असते. पुढील विवेचनात या अस्तराचा वारंवार उल्लेख येईल.

या युक्तीचा जनक हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता. बाष्पटर्बाइनची जलद गती आणि जहाजाच्या मळसूत्री पंख्याची मंद गती यांचा मेळ घालण्यासाठी त्याने १९०५ साली तिचे एकस्व घेतले. पुढे ती मोटारींत आणि रेल्वेच्या एंजिनांत आली. आपल्या देशात मनमोहन सुरी या अभियंत्याने रेल्वेच्या डीझेल एंजिनांसाठी जी शक्तिवहनाची रचना केली, तीतही द्रवचक्र आणि यांत्रिक जोड यांचा संगम होता. ती ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ओळखली जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीत कन्व्हर्टर असतोच असे नाही. भारतात २०१४ पासून लहान गाड्यांत जी ‘एएमटी’ पद्धत रूढ झाली, तीत साधा क्लच आणि साधी गिअरपेटीच असते. फक्त ती चालविण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते. अशा गाड्यांना पुढील विवेचन लागू नाही.

२. तेलाचा प्रवास

कन्व्हर्टरची परीक्षा समजण्यासाठी तेलाचा मार्ग ठाऊक असला पाहिजे. हा मार्ग सर्व गिअरपेट्यांत तंतोतंत सारखा नसतो. म्हणून आपण एक विशिष्ट पेटी उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९८२ सालच्या गाड्यांपासून ‘७००-आर४’ नावाची पेटी वापरात आणली. तीच पुढे सुधारून, विद्युत्-नियंत्रण जोडून, १९९३ च्या सुमारास ‘४एल६०-ई’ या नावाने आली. या नावातील ४ म्हणजे पुढे जाण्याच्या चार गती, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेली, ६० हा तिच्या ताकदीचा निर्देशांक, आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. त्या देशातील असंख्य मालमोटारींत व मोटारींत ती बसविली गेली. त्यामुळे तिचे बिघाड आणि त्यांवरील उपाय चांगले परिचयाचे झाले आहेत.

या पेटीचे तेल तळपात्रात साठते. मिस्त्रीलोक त्याला ‘चेंबर’ म्हणतात. तेथून ते गाळणीतून पंपात जाते. हा पंप कन्व्हर्टरच्या मानेवरील खाचांनी फिरविला जातो, म्हणजे एंजिन सुरू असेतोवर तो फिरतच राहतो. पंपातून निघालेले तेल दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेतून कन्व्हर्टरमध्ये शिरते. कन्व्हर्टरचा क्लच सुटलेला असताना ते त्यातून बाहेर पडून कूलरमध्ये, म्हणजे रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या भागात जाते. थंड झालेले तेल पेटीतील दातेरी चाके, बुश व बेअरिंगे यांना वंगण म्हणून मिळते आणि अखेरीस पुन्हा तळपात्रात उतरते.

या मार्गातील तीन गोष्टी वाचकांनी मनात पक्क्या ठसवाव्यात. सबंध परीक्षेचा पाया त्यांवरच आहे.

पहिली गोष्ट : गाळणी पंपाच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. म्हणून पंपच झिजला वा फुटला, तर त्याचे कण कोणत्याही गाळणीतून न जाता थेट कन्व्हर्टरमध्ये जातात.

दुसरी गोष्ट : कूलर कन्व्हर्टरच्या पलीकडे आहे. म्हणून कूलरमध्ये जे सापडते, ते बहुधा कन्व्हर्टरमधून गेलेले असते.

तिसरी गोष्ट : कन्व्हर्टरमधून निघालेले तेल वंगणाच्या मार्गाने चाकांवर व बुशांवर जाते, तेव्हा वाटेत दुसरी गाळणी नसते. म्हणून कन्व्हर्टरमध्ये साठलेला जुना भुगा सुटला, तर तो गाळला जाण्यापूर्वीच नव्या बुशांवर जाऊन पडतो.

३. भुगा आत का साठतो?

कन्व्हर्टर हे एका परीने वेगाने फिरणारे गाळ-पात्र आहे. या पेटीच्या कन्व्हर्टरचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर असतो. त्याच्या आत, अक्षापासून १४ सेंटिमीटर अंतरावर लोखंडाचा एक कण आहे असे धरू. एंजिन मिनिटास २५०० फेरे घेत असेल, तर त्या कणाला फेऱ्यात टिकवून धरण्यासाठी लागणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९८० पट येते. तेलाची प्लावकता क्षणभर बाजूस ठेवली, तर एक ग्रॅम वजनाचा कण जवळजवळ किलोभर भाराने कडेला दाबला जातो, असा याचा अर्थ. एंजिन नुसते जागेवर, मिनिटास ६०० फेऱ्यांनी चालत असताना हीच पट ५६ च्या आसपास असते. फेरे सुमारे सव्वाचार पट वाढले, तर भार त्याच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे सतरा पटींहून अधिक वाढतो.

पोलाद तेलाच्या नऊ पट जड आहे. तेव्हा पोलादाचे कण बाहेरच्या कडेला, पात्यांच्या बेचक्यांत जाऊन बसतात आणि तेथेच थरावर थर साचतो, यात नवल नाही. क्लचच्या अस्तराचे तुकडे हलके असले तरी ते पात्यांच्या सांध्यांत व क्लचच्या तबकडीमागे अडकून राहतात.

तेथेच ते कायमचे राहिले असते, तर फारसे बिघडले नसते. परंतु गाडीची स्थिती सारखी पालटत असते. जोराने गाडी उचलताना तेल पात्यांतून खळाळत फिरते; सावकाश चालताना ते संथ होते; आणि क्लच लागला की या पेटीत कन्व्हर्टरमधून जाणाऱ्या तेलाची दिशाच उलटते. एंजिन बंद केले म्हणजे कडेला धरून ठेवणारा भार नाहीसा होतो, आणि वरच्या अंगाचे काही कण खाली ओघळतात. अशा प्रत्येक पालटाबरोबर साचलेल्या भुग्यातील थोडा थोडा भाग सुटून वाहू लागतो.

ज्या रांजणाच्या तळाशी गाळ आहे, त्यात वरून कितीही स्वच्छ पाणी ओतले तरी पहिली कळशी बुडविताच ते गढूळ होते. कन्व्हर्टरचे नेमके हेच आहे. या पेटीत एकंदर तेल साडेदहा लिटरांच्या आसपास असते. तळपात्र उघडले असता त्यांपैकी पावणेपाच लिटरांच्या आसपासच बाहेर येते. उरलेले कन्व्हर्टर, कूलर व नळ्या यांतच राहते. म्हणून ‘तेल बदलले, आता पेटी स्वच्छ झाली’ हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

हे कण किती लहान असले म्हणजे अपाय करतात? पेटीतील झडपा ज्या भोकांत सरकतात, त्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. एखादा बारीक कण तेथे अडकला की झडप अडते, तेलाचा दाब घटतो, क्लच पुरेसा आवळला न जाता घसरतो, उष्णतेने करपतो आणि स्वतःच नवा भुगा निर्माण करतो. एका बिघाडातून दुसरा बिघाड उपजतो तो असा.

४. परीक्षेची रीत

कन्व्हर्टर उघडून पाहता येत नसल्यामुळे त्याची परीक्षा वैद्य रोग्याची करतो त्या पद्धतीने करावी लागते. आत काय आहे हे बाहेर आलेल्या पदार्थांवरून, आणि ते कोठे सापडले यावरून ठरवावयाचे.

(अ) तळपात्र, लोहचुंबक आणि गाळणी. तेल थंड झाल्यावर तळपात्र उघडावे. त्यात एक लहान लोहचुंबक बसविलेला असतो. त्यावर बोटाने पुसता येईल असा बारीक करड्या रंगाचा लेप असणे स्वाभाविक आहे. चाकांच्या नित्याच्या घर्षणाने तो जमतोच. परंतु बोटांत टोचणारे कपचे किंवा तुसे आढळली, तर पोलादाचा एखादा भाग फुटला आहे असे समजावे. जे लोहचुंबकास चिकटत नाही, त्याकडेही दुर्लक्ष करू नये. पिवळसर चकाकणारे कण पितळ वा काशाच्या बुशाचे, पांढुरके कण ॲल्युमिनियमचे, आणि काळे मऊ पापुद्रे क्लचच्या अस्तराचे असतात. जुनी गाळणी फेकून न देता कापून उघडावी आणि तिचा पडदा पांढऱ्या कापडावर पसरून पाहावा. बिघाडाचा पुष्कळसा इतिहास त्या पडद्यावर लिहिलेला असतो.

(आ) कूलर. कूलरच्या नळ्या सोडवून त्यांतून धुण्याचा द्रव सोडावा आणि बाहेर येणारा द्रव पांढऱ्या कापडातून गाळावा. कापडावर पोलादाचे कण दिसले, तर ते कन्व्हर्टर ओलांडून आले आहेत असे मानावे. आणि जे ओलांडून आले त्याहून अधिक मागे राहिले असण्याचा संभव मोठा. बंद कन्व्हर्टरची खरी खिडकी ती हीच.

तेल गुलाबीसर दुधाळ झालेले असेल, तर कूलरला आतून भोक पडून रेडिएटरमधील पाणी आणि त्यातील ग्लायकॉल हे द्रव्य तेलात मिसळले आहे. अशा वेळी अस्तर ज्या गोंदाने चिकटविलेले असते तो सैल पडतो. असे तेल पिऊन बसलेला कन्व्हर्टर पुन्हा वापरू नये, हा निर्विवाद नियम आहे.

(इ) कन्व्हर्टरचे बाह्यांग. पेटी उतरविल्यावर कन्व्हर्टर ओढून काढावा. तेलाने भरलेला तो बराच जड असल्याने हे काम एकट्याने करू नये. त्याची मान तपासावी : तिच्यावर ओरखडे वा चऱ्हे असतील, तर पंपाचे बुश व सील टिकणार नाही. मानेभोवतीच्या वेल्डिंगमधून तेल झिरपले आहे काय, कवचावर निळसर झाक आली आहे काय, हेही पाहावे. निळी झाक ही पोलाद अतिशय तापल्याची खूण आहे, आणि जेथे कवच इतके तापले तेथे आतील अस्तर शाबूत असण्याची आशा थोडी.

(ई) कन्व्हर्टरमधील तेल. स्वच्छ परातीवर पांढरे कापड ताणून कन्व्हर्टर मान खाली करून धरावा आणि सावकाश फिरवीत निथळू द्यावा. प्रथम येणारे तेल आणि शेवटी येणारे तेल वेगवेगळे पाहावे. जड कण बहुधा शेवटी येतात. कापड वाळवून भिंगाखाली निरखावे आणि त्याखालून लोहचुंबक फिरवावा. मात्र काहीच आढळले नाही म्हणून आत काहीच नाही असे मानू नये. कडेला घट्ट बसलेला थर नुसत्या निथळण्याने सुटत नाही.

(उ) स्टेटर आणि टर्बाइन. मानेच्या तोंडातून बोट वा योग्य अवजार घालून स्टेटरचे आतील कडे फिरवून पाहावे. एका दिशेस ते सहज फिरले पाहिजे आणि विरुद्ध दिशेस अडकले पाहिजे. दोन्ही दिशांस फिरत असेल किंवा दोन्ही दिशांस अडकत असेल, तर त्याची एकदिश यंत्रणा मोडली आहे. टर्बाइनची वर-खाली हालचाल किती असावी याचे माप निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती त्याहून अधिक भरली, तर आतील बेअरिंगे झिजली आहेत आणि त्यांचा कीस आतच आहे.

५. पुराव्यावरून निर्णय

आता तीन प्रकरणे विचारात घेऊ. तीनही ४एल६०-ई या पेटीत प्रत्यक्ष आढळणारी आहेत.

पहिले प्रकरण. गाडीची दुसरी, चौथी आणि मागे जाण्याची गती एकदम नाहीशी झाली. पेटी उघडता सूर्यचक्राला धरून ठेवणारे पोलादी कवच दातांपाशी तुटलेले आढळले. हा या पेटीचा सुपरिचित बिघाड होय. पोलाद पोलादावर घासून कीस झाला आहे. कूलर धुता कापडावर तोच कीस दिसला. निर्णय स्पष्ट आहे : कन्व्हर्टर बदलावा.

दुसरे प्रकरण. तिसरी व चौथी गती घसरू लागली. तेल काळवंडले, करपट वास आला. पेटीतील त्या दोन गतींचा क्लच जळालेला निघाला. गाळणीत काळे पापुद्रे आहेत. येथे प्रश्न प्रमाणाचा आहे. कन्व्हर्टरच्या तेलातही अस्तराचा भुगा भरपूर असेल, किंवा कवच निळे पडले असेल, तर तो बदलणे भाग आहे. परंतु तेल नुसतेच काळसर व वासाचे असून त्यात धातूचा वा अस्तराचा कण नसेल, तर केवळ रंग आणि वास यांवरून कन्व्हर्टरला दोषी ठरविता येत नाही.

तिसरे प्रकरण सर्वांत बोधप्रद आहे. गाळणीत अस्तराचे पापुद्रे आहेत, परंतु पेटीतील अस्तर असलेले सर्व भाग उघडून पाहिले तर एकाचेही अस्तर झिजलेले नाही. मग हे पापुद्रे आले कोठून? सबंध यंत्रात अस्तर असलेला आणि आपण न पाहिलेला भाग एकच उरतो : कन्व्हर्टरमधील क्लच. डोळ्यांनी न पाहताही येथे निष्कर्ष निश्चित होतो. शक्यता एकेक करून वगळीत जाणे आणि जी उरेल ती स्वीकारणे, ही शास्त्रीय विचाराची रीत गॅरेजमध्येही तितकीच उपयोगी पडते.

पंप फुटलेला असेल, तर निराळा पुरावा शोधण्याचेही कारण नाही. मार्गातील पहिली गोष्ट आठवावी : पंप आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये गाळणी नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पेटी बिघडली की सरसकट कन्व्हर्टर बदलणे हेही शास्त्रीय नव्हे. एखाद्या बोल्टच्या भोकाचे आटे गेले असतील, तर ते दुरुस्त करता येतात. गाडी पुष्कळ धावली आहे, एवढेच कारण पुरेसे नाही. गर्दीत अखंड थांबत-चालत राबणारी टॅक्सी किंवा पोलिसांची गाडी यांच्या कन्व्हर्टरचे अस्तर मात्र लवकर झिजते, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा. कण सापडले नाहीत, स्टेटर ठीक आहे, मान गुळगुळीत आहे आणि मापे बरोबर आहेत, तर जुना कन्व्हर्टर परत वापरण्यास हरकत नाही. गाडीच्या मालकाचे पैसे व्यर्थ खर्च होऊ नयेत, हेही परीक्षेचेच फळ होय.

६. धुऊन का भागत नाही?

कन्व्हर्टरमध्ये द्रव घालून तो खळखळून धुता येणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. काही जुन्या बांधणीच्या कन्व्हर्टरला तेल काढण्याचे बूच असे, आणि त्यांत क्लचही नसे. त्यांच्या बाबतीत धुण्याचा थोडाफार उपयोग होई. आजच्या कन्व्हर्टरला बहुधा बूच नसते. आत जाण्यास आणि बाहेर येण्यास मानेचे तेवढे एकच तोंड. जो थर हजारपट भाराने कडेला दाबून बसला आहे, तो हाताने हलविलेल्या द्रवाने निघणे कठीण. शिवाय धुण्याचा द्रव मागे राहिला, तर तो नव्या तेलात मिसळून त्याचा गुण बिघडवितो.

खात्रीने स्वच्छता करावयाची तर कन्व्हर्टर लेथवर चढवून त्याचा वेल्डिंगचा सांधा कापावा लागतो. मग आतील भाग धुऊन, अस्तर व बेअरिंगे बदलून, पुन्हा वेल्डिंग करून तो तोलावा लागतो आणि गळतीसाठी तपासावा लागतो. हे काम त्यासाठी खास सामग्री असलेल्या कारखान्यातच व्हावे. कारण वेगाने फिरणाऱ्या पात्राचा तोल किंचितही ढळला, तर तो एंजिनला व पेटीला सारखाच घातक ठरतो.

७. परत जोडताना

कन्व्हर्टर नवा असो वा परीक्षेस उतरलेला जुना असो, कूलर व त्याच्या नळ्या धुतल्यावाचून तो जोडू नये. नाहीतर रांजण बदलला, पण पाटातील गाळ तसाच राहिला, असे होईल. कूलर नीट धुतला जात नसेल तर तोही बदलावा. कूलरकडून परत येणाऱ्या नळीत एक लहान गाळणी बसविल्यास, वर सांगितलेली तिसरी उणीव काही अंशी भरून निघते.

बसविण्यापूर्वी कन्व्हर्टरमध्ये थोडे नवे तेल ओतावे आणि मानेच्या खाचा पंपात पुरत्या बसेपर्यंत तो फिरवीत आत सरकवावा. तो अर्धवट बसला असता बोल्ट आवळले, तर नवा पंप तेथल्या तेथे फुटतो आणि स्वच्छ केलेल्या कन्व्हर्टरमध्ये पहिला भुगा दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून जातो. काढलेले जुने तेल गटारात वा जमिनीवर ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

सारांश, बंद पात्रात पाहता येत नाही, पण त्याच्या अलीकडे काय शिरले आणि पलीकडे काय निघाले हे पाहता येते. ज्याला तेलाचा मार्ग ठाऊक आहे, त्याला एक पांढरे कापड आणि एक लोहचुंबक यांच्या साहाय्याने बरेचसे कळते. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला नवी कोरी पेटीही फार काळ साथ देत नाही.

करून पाहा

प्लास्टिकच्या एका लहान बाटलीत अर्धे पाणी आणि चिमूटभर वाळू घालून बूच घट्ट लावा. बाटली हलवून वाळू पाण्यात मिसळू द्या. आता बाटलीच्या गळ्याला मजबूत दोरी बांधून, मोकळ्या मैदानात, इतरांना दूर उभे करून ती वर्तुळात वेगाने फिरवा. थांबताच पाहा : वाळू हातापासून दूरच्या टोकाला जमलेली दिसेल. मग बाटली तशीच आडवी ठेवून हळूच हलवा आणि वाळू पुन्हा कशी पसरते याचे निरीक्षण करा. कन्व्हर्टरमधील भुग्याचे वर्तन यावरून समजेल.

प्रश्न

१. पंप फुटल्यास त्याचे कण न गाळता कन्व्हर्टरमध्ये का जातात?

२. कूलरला ‘बंद कन्व्हर्टरची खिडकी’ का म्हटले आहे?

३. एंजिनचे फेरे मिनिटास ६०० वरून १२०० झाले, तर कडेच्या कणावरील भार किती पट होईल?

४. गाळणीत अस्तराचे तुकडे आहेत, पण पेटीतील अस्तर असलेले सर्व भाग शाबूत आहेत. यावरून कोणता निष्कर्ष निघतो, आणि तो कोणत्या विचाराने निघतो?